चिंधाच्या तोंडावर काही दिसत नसे

चिंधाला गोंगाटाची भीती कधीच वाटली नाही. त्याला भीती वाटायची ती लाइट जाण्याची.

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच! पण सुरतेच्या मागाच्या खात्यात एकदा उभं राहून बघा. पत्र्याची लांबलचक शेड, दोन्ही अंगांना विजेचे माग, आणि अशी खडाखड की शेजारचा बोंबलून मेला तरी कळू नये. बोलायचं तर हाताने खूण करायची, नाहीतर समोरच्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं. नवा माणूस आठ दिवसांत पळ काढतो. चिंधाला मात्र तिथे जीव थंड झाल्यासारखं वाटे. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. तो रुसत नाही, टोमणा मारत नाही, ओठात एक आणि पोटात दुसरं असं त्याचं नसतं.

लाइट गेली की माग थांबत आणि माणसं सुरू होत. विड्या निघत, थट्टामस्करी चाले. "काय चिंधाभाऊ, वहिनींनी आज काय बांधून दिलं?" कोणीतरी विचारी. चिंधा सांगे, "भाकर आणि मिरचीचा ठेचा." रोज तेच असे आणि तो रोज तेच सांगे. सगळे खो खो हसत. आता भाकर-ठेच्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्या बापड्याला कधी कळलं नाही. हसणाऱ्यांची तोंडं त्याला बघवत नसत. मग तो पाण्याच्या माठामागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राही आणि लाइट यायची वाट बघे. लोक त्याला येडा म्हणत. प्रेमानेच म्हणत, असं लोकांचं म्हणणं. लोकांचं काय जातंय म्हणायला!

पण चिंधाला त्या शब्दाने कापरं भरे, आणि त्याला कारण होतं. अमळनेराकडच्या त्याच्या गावी त्याचा एक काका होता, भिवा नावाचा. तोही असाच. कोणाच्या डोळ्यांत बघायचा नाही, लग्नाच्या पंगतीतून उठून पळायचा, विचारलं तर तोंडावर खरं बोलायचा. एकदा त्याने गावच्या पाटलाला चारचौघांत सांगितलं, की तुमचा बांध दर साली एक हात आमच्या शेतात येतो. पाटलाने त्याला येडा ठरवला. घरच्यांनीही मान डोलावली, कारण पाटलाशी वैर कोणाला परवडतंय? मग गोठ्यात, बैलांच्या शेजारी, भिवाकाकाच्या पायात साखळी पडली. मारत कोणी नव्हतं हो! वेळच्या वेळी भाकर देत, सणाला पुरणपोळीही देत. फक्त सोडत नव्हते. ती भाकर घेऊन जायचं काम लहानपणी चिंधाकडे होतं. काका मरेपर्यंत त्या साखळीला होता, आणि मेल्यावर तीच साखळी चिंधाच्या थोरल्या भावाने, काशीरामने, धुऊन खुंटीला अडकवून ठेवली.

तर असा हा चिंधा, दुष्काळाच्या आदल्या वर्षी बायकोला घेऊन सुरतेला आला. लिंबायतला एका खोलीत बिऱ्हाड. बायको शकू घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरी. शकू पारोळ्याकडची, तोंडाने तिखट. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "मी आवडले का तुम्हाला?" चिंधाने विचार करून सांगितलं, "अजून माहीत नाही." ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "आता आवडलीस." त्यावर शकूने जे ओळखलं ते ओळखलं, की हा माणूस खोटं बोलणार नाही, आणि त्याच्याकडून खोट्या गोडीची अपेक्षा धरायची नाही. ज्याचं त्याला कळतं म्हणतात ते काही खोटं नाही.

आता मुख्य गोष्ट. साल त्र्याहत्तर. खान्देशातून आलेल्या आपल्या लोकांत एक रीत आहे. गावी कोणी मेलं आणि मुलगा परगावी असला, तर त्याला मेल्याचं सांगत नाहीत. "तब्येत जास्त आहे, लगेच चल" एवढंच सांगायचं. गाडीत बसवायचं, सोबत एक माणूस द्यायचा. गावाच्या शिवेवर पोचला, घरातलं रडणं कानावर आलं, की त्याचं त्यालाच कळतं. वाटेत माणूस कोसळू नये म्हणून केलेली ही सोय. सगळ्यांना ठाऊक असते. ज्याला सांगतात त्यालाही आतून ठाऊक असतं, पण तो आशा धरून बसतो.

त्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने दगा नावाचा माणूस गावाहून आला आणि थेट खात्यावर पोचला. चिंधाच्या दोन माग पलीकडे राघो काम करी. त्या राघोचा बाप रात्री गेला होता. प्रेत झाकून ठेवलंय, संध्याकाळपर्यंत राघोची वाट बघणार, असा निरोप. छगन मुकादम, दगा आणि आणखी दोघे दाराबाहेर, खडाखड जरा कमी पोचते तिथे, उभे राहून बोलत होते. चिंधा तिथेच माठातलं पाणी पीत होता. त्याने सगळं ऐकलं.

"त्याला बाहेर कोण बोलावणार?" छगन म्हणाला. "माझं तोंड बघितल्याबरोबर त्याला कळेल."

"माझंही," दगा म्हणाला. त्याचे डोळे तर सुजलेलेच होते.

आणि मग छगनला अक्कल सुचली. नको तिथे सुचते ती. तो म्हणाला, "चिंधाला धाडा. ह्याच्या तोंडावर कधी काही दिसत नाही." सगळ्यांना पटलं. चिंधाला सांगितलं, "जा, राघोला बोलावून आण." काय बोलायचं नाही, ते मात्र एकानेही सांगितलं नाही. ते कोणाला सांगावं लागत नाही ना!

चिंधा गेला. राघो चालत्या मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होता. चिंधाने त्याच्या खांद्याला हात लावला. चिंधा कधी कोणाला हात लावत नसे, म्हणून राघो चमकला. त्याने मान वळवून ओरडून विचारलं, "काय व्हयनं रे?"

विचारलं म्हणून चिंधाने सांगितलं. कानाला तोंड लावून, ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं, "तुना बाप मरी गया."

राघोचा हात तिथेच चक्राच्या दातांत गेला. उजव्या हाताची दोन बोटं. त्या खडाखडीत त्याची किंकाळी कोणाला ऐकू आली नाही. चिंधाला फक्त उघडं तोंड दिसलं आणि मग पांढऱ्या कापडावर रक्त दिसलं. तो माग बंद करायला धावला, हे नंतर कोणीच लक्षात घेतलं नाही. राघोला इस्पितळात नेलं. गावी प्रेत संध्याकाळपर्यंत थांबलं आणि शेवटी चुलतभावाने अग्नी दिला.

झालं! आता सगळं खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार? ज्याने आत धाडलं त्याच्या? छे. चोर सोडून संन्याशाला सुळी, हा जगाचा जुना कायदा. "येड्याला खात्यात ठेवायचंच कशाला?" "आज बोटं गेली, उद्या कोणाचा जीव घेईल." शेठने चिंधाला कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. आणि छगनने काशीरामला निरोप धाडला, की भावाचं डोकं फिरलंय, येऊन घेऊन जा.

काशीराम येणार हे ऐकलं आणि चिंधाच्या काळजाचं पाणी झालं. तो खोलीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला. पुन्हा पुन्हा घोट्यावरून हात फिरवी. शकूने विचारलं, "पाय दुखतो का?" तो म्हणाला, "नाही. अजून नाही."

शकू काही हातावर हात धरून बसणारी बाई नव्हे. राघोची बायको लेकरं घेऊन गावी सुतकात अडकलेली, म्हणून राघोला इस्पितळात भाकर शकूच नेऊन देई. राघो भाकर घेई, तोंड फिरवून खाई, आणि तिच्याशी चकार शब्द बोलत नसे. तिथेच एका नर्सकडून तिला कळलं, की डोक्याचे एक मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. शकूने चिंधाला उठवलं. तो दाराची चौकट धरून बसला. "तिथे नेतील आणि ठेवून घेतील," तो म्हणाला. शकू म्हणाली, "मी हात सोडणार नाही. ठेवलं तर दोघांना ठेवतील." शकू म्हणाली म्हणजे तसंच होणार, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून तो उठला.

डॉक्टर म्हातारे होते, गुजराती. मध्येच हिंदी, मध्येच गुजराती बोलत. त्यांनी पुष्कळ विचारलं. लहानपणी खेळायचा कोणाबरोबर, गर्दीत काय होतं, कापडाचा स्पर्श बोचतो का. मग विचारलं, "कानात आवाज येतात?"

"येतात," चिंधा म्हणाला.

शकूची पाचावर धारण बसली. डॉक्टर पुढे वाकले. "कोणाचे?"

"तुमचा. ह्या पंख्याचा. बाहेर एक बाई रडते आहे तिचा."

डॉक्टर मागे टेकले आणि हसले. पण हे हसणं चिंधाला लागलं नाही, कारण त्यांनी लगेच सांगून टाकलं ते का हसले. "भाई, मी भलतं विचारत होतो आणि तू बरोबर सांगितलंस, म्हणून हसलो." असं हसण्याचं कारण त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी शकूला जे सांगितलं ते, तिला जेवढं समजलं तेवढं, असं होतं. हा वेडा नाही. माणसं एकमेकांच्या तोंडावरून, आवाजावरून न बोललेलं समजून घेतात, ते ह्याला जमत नाही. बोललेलं तेवढंच त्याला पोचतं. परदेशात अशा मुलांबद्दल कोणी लिहिलेलं त्यांनी एकदा वाचलं होतं. पण मुलं मोठी होतात, ह्याचा विचार कोणी करत नाही. जन्मापासून आहे, मरेपर्यंत राहील. औषध नाही.

"मग वेडा नाही असं लिहून द्या ना," शकू म्हणाली.

"कशाचं लिहून देऊ, बहेन? आजारच नाही. आणि वाचणार कोण?"

बाहेर आल्यावर शकूने देवाचे आभार मानले. चिंधा मात्र चालता चालता रस्त्याच्या कडेला थांबला. सायकली, टांगे त्याला घासून जात होते, तरी हलेना.

"काय झालं?"

"मग भिवाकाकाही वेडा नव्हता," चिंधा म्हणाला.

चिंधा तिथेच खाली बसला आणि रडला. एवढा मोठा बाप्या, भर रस्त्यात, गुडघ्यात डोकं घालून. काका वेडा होता म्हणून बांधला, असं आजवर तो स्वतःला सांगत आला होता. आपण वेडे नाही, म्हणून आपल्याला बांधणार नाहीत, हा त्याचा आधार होता. आता कळलं की वेडा नसलेल्यालाही बांधतात. डॉक्टरांनी दिलासा दिला खरा, पण त्या दिलाशाने भीती कमी व्हायची ती दुप्पट झाली. तो मोकळा राहणार की गोठ्यात जाणार, हे आता डॉक्टरांच्या हातात नव्हतंच. ते माणसांच्या हातात होतं, आणि माणसंच तर त्याला कळत नव्हती.

शकूने वाटेत बजावलं, "डॉक्टर काय म्हणाले, असं चाळीत कोणी विचारलं तर बोलू नका." पण शेजारच्या मालतीबाईंनी दारातच शकूची पाठ वळल्याबरोबर विचारलं, "काय म्हणाले हो डॉक्टर?" चिंधा गप्प राहिला. मालतीबाई म्हणाल्या, "औषध तरी दिलं का?" आता ह्याबद्दल शकू काही बोलली नव्हती. तो म्हणाला, "औषध नाही म्हणाले." तासाभरात सगळ्या चाळीत झालं, की चिंधाचं डोकं असं गेलंय की त्याला औषधच नाही. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय!

काशीराम आला. वाईट माणूस नव्हता तो, हे आधी सांगतो. येताना भावासाठी गावची ज्वारी घेऊन आला, शकूला लुगडं घेऊन आला. चिंधाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "घाबरू नको. घरी चल. तुला काही कमी पडू देणार नाही. मी स्वतः भाकर आणून देत जाईन."

चिंधा म्हणाला, "दादा, मी येडा नही शे."

"नाही रे बाबा, कोण म्हणतं?" काशीराम म्हणाला आणि शकूकडे बघून त्याने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थही चिंधाला कळला नाही. त्याला वाटलं, दादाला पटलं. शकूला मात्र घाम फुटला.

सुट्टीच्या दिवशी भाऊबंदांची बैठक ठरली, चाळीमागच्या निंबाखाली. राघो इस्पितळातून आला होता. त्याच्यासमोर काय तो निकाल व्हायचा. त्याच सकाळी छगन मुकादम शकूकडे आला. म्हणाला, "वहिनी, एक रस्ता आहे. चिंधाने उभं राहून एवढंच म्हणायचं, की मी त्या दिवशी प्यालेलो होतो, चूक झाली. बस. प्यालेल्या माणसाला सगळे माफ करतात. राघोही करेल. येड्याला कोणी ठेवत नाही, पण दारुड्याला कोण काढतं? काढायचं म्हटलं तर खात्यात माणूस उरेल का?" राज्यात दारूबंदी, आणि हा मुकादम! पण बोलत होता ते खरं होतं. शिवाय तसं झालं की आत कोणी धाडलं हा प्रश्नच निघणार नव्हता. लबाडाने आपली सोय आधी बघितली होती.

शकूने चिंधाला समोर बसवलं. "म्हणा, मी प्यालेलो होतो."

"पण मी प्यालो नव्हतो."

"ठाऊक आहे मला. तरी म्हणा. नाहीतर दादा घेऊन जातील. मी पाया पडते तुमच्या."

चिंधाने प्रयत्न केला. मनापासून केला. "मी" म्हणाला, "मी प्या" एवढं म्हणाला आणि त्याचं अंग थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला. त्याने पुन्हा केला. शकूने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "राहू द्या." मग तिने पदर तोंडात कोंबला.

निंबाखाली बरीच माणसं जमली होती. माग चालू नव्हते, म्हणून सगळ्यांचे आवाज स्वच्छ ऐकू येत होते, आणि चिंधाला पळून जावंसं वाटत होतं. काशीराम त्याच्या शेजारी दंड धरून बसला होता. समोर राघो, हाताला पांढरी पट्टी, डोकं भादरलेलं. छगनने घसा खाकरून म्हटलं, "चिंधाला काही सांगायचंय. सांग रे, त्या दिवशी काय झालं होतं तुला."

चिंधा उभा राहिला. तो राघोच्या पट्टीकडे बघत म्हणाला, "मला काही झालं नव्हतं. मी प्यालो नव्हतो. राघोने विचारलं म्हणून मी सांगितलं. बाप मेला तर मुलाला सांगायचं नाही, हे मला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, मला असलं कळत नाही आणि पुढेही कळणार नाही. त्याला औषध नाही. तुम्ही मला तोंडाने सांगा, हे कर, हे करू नको. मग मी तसं करीन. सांगितलेलं मी कधी मोडत नाही. राघो, तुझी बोटं गेली, ते मला फार वाईट वाटतं. मला बांधू नका."

छगन विडी शोधू लागला.

"झालं," काशीराम हळूच म्हणाला. "येडाच आहे बिचारा. राघो, तू मोठ्या मनाचा. येड्याला माफ करून टाक. मी नेतो त्याला."

राघोने मान वर केली. "चिंधा, तुला आत कोणी धाडलं?"

"छगनभाऊंनी."

"का?"

"माझ्या तोंडावर काही दिसत नाही म्हणून."

राघोने छगनकडे बघितलं. छगन दुसरीकडे बघू लागला. राघो उठला. त्याला उठताना हात टेकता येत नव्हता, तरी कोणाची मदत न घेता उठला आणि चिंधाच्या समोर येऊन उभा राहिला. चिंधाला वाटलं, हा आता मारणार. त्याने डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड," राघो म्हणाला. "तुम्ही तोंडाने सांगा म्हणतोस ना? मग ऐक. तुझ्यामुळे माझ्या बापाला माझ्या हातचा अग्नी मिळाला नाही. मी तुला माफ करत नाही. जन्मभर करणार नाही." मग तो काशीरामकडे वळला. "येडा म्हणू नका त्याला. येडा असता तर मी केलं असतं माफ. येड्याला कोणीही माफ करतं. हा शहाणा माणूस आहे आणि त्याने माझं वाटोळं केलंय. त्याला कुठे न्यायचं नाही. माझ्यासमोर मागावर उभं राहू दे त्याला, रोज."

काशीरामचा हात चिंधाच्या दंडावरून आपोआप सुटला.

चिंधाने सगळं ऐकलं. एकेक शब्द ऐकला. त्यात न बोललेलं असं काहीच नव्हतं. त्याने विचारलं, "म्हणजे मी उद्या खात्यावर येऊ?"

"ये. शेठला मी सांगतो," राघो म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला.

चिंधा धावतच घरी आला. शकू दाराच्या आत भिंतीला टेकून बसली होती. त्याला एकटा आलेला बघून ती धडपडत उठली. "काय झालं? काय म्हणाला राघो?"

"राघोने मला माफ केलं नाही!" चिंधा म्हणाला. तो हसत होता. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडावर असं काही शकूने पाहिलं नव्हतं. "जन्मभर करणार नाही म्हणाला, शकू. सगळ्यांच्या समोर म्हणाला."